पंथातून बाहेर पडायचंय, घरातून नाही

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या. पंथाचं नाव लिहीत नाहीये, कृपया विचारू नका आणि अंदाजपण बांधू नका. आमच्या भागात चार घरं सोडून पाचवं घर कुठल्या ना कुठल्या सभेला जातंच, नाव कळून तुम्हाला काही फरक पडणार नाही पण मला पडेल.

गुहागर तालुका, खाडीकाठचं गाव. वय २९. लोट्याला एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, आठवडाभर चिपळूणला रूमवर आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी, कारण रविवारची सभा चुकवायची नसते. घरी आजी, आण्णा, आई आणि धाकटी बहीण, ती २३ ची आहे, डी.फार्म झालीय.

आण्णा पंथात गेले तेव्हा मी पाचवीत होतो. त्याच्या आधीचं सांगायलाच हवं, नाहीतर मी कृतघ्न वाटेन. आण्णा प्यायचे. म्हणजे मजेत घेणारे नाही, हातभट्टीवाले. आईच्या मंगळसूत्रातली एक वाटी विकून आले होते एकदा, आई वर्षभर एकाच वाटीचं घालून फिरत होती आणि कोणी विचारलं तर म्हणायची पाणवठ्यावर पडली. मग गावातला एक जण त्यांना सभेला घेऊन गेला आणि तीन महिन्यात सुटली. आजपर्यंत परत थेंब नाही. त्यामुळे आमच्या घरात पंथाबद्दल वाकडं बोलणं म्हणजे आण्णांना परत गुत्त्यावर ढकलणं, असंच सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं.

बदल्यात काय गेलं ते सांगतो. मासे बंद. खाडीकाठी राहून मासे बंद म्हणजे काय ते कोकणातल्याच माणसाला कळेल, शेजारी कोळंबी शिजतेय आणि आपण दुधी भोपळा. आजोबांची मासे धरायची पाग होती, ती चुलत्याला देऊन टाकली. कांदा लसूण बंद. टीव्ही विकला. गणपती मूळ आमच्या घरात यायचा तो चुलत्याकडे गेला आणि आरतीला आम्ही त्यांच्या खळ्यापर्यंतसुद्धा जात नाही. बाहेरच्यांच्या हातचं खायचं नाही त्यामुळे लग्न, बारसं, बारावं कुठेच नीट बसता येत नाही. लग्न पंथातच करायचं.

सगळ्यात वाईट शिमगा. पालखी घरोघरी फिरते, आमच्या दारात आली की दार बंद. खेळे दोन मिनिटं अंगणात थांबतात, ढोल जरा हळू करतात आणि पुढे जातात. मी लहान असताना आजीला मी बघितलंय, आतून दाराला चिकटून उभी, ओटीत नारळ धरलेला. पालखी पुढे गेली की ती तो नारळ परत फडताळात ठेवायची. यावर्षी पण ठेवला. तिला आता नीट दिसत नाही पण ढोल कुठल्या घरासमोर आहे ते तिला बरोबर कळतं.

पण माझं मन यामुळे उडालं नाही, हे सगळं मी कित्येक वर्षं बरोबरच आहे असं मानत होतो. उडालं ते वहीमुळे. मी बी.कॉम. म्हणून दोन वर्षांपूर्वी केंद्राच्या वह्या माझ्याकडे दिल्या. हजेरी, वर्गणी, आणि तिसरी एक शिस्तीची वही. त्यात कोण कुठे घसरतंय ते लिहिलेलं असतं. "सून माहेरी जाऊन मासे खाते." "मुलगा मोबाईलवर सिनेमे बघतो, वडिलांचा धाक नाही." अशी पानंच्या पानं. मागची पानं चाळताना आईचं नाव दिसलं. मावशीकडे बारशाला गेली तेव्हा कोळंबीभात खाल्ला. शेरा होता "समज दिली". आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात आण्णांचं नाव.

मला आठवतंय तो महिना. आईला सभेत उभं केलं होतं, सगळ्यांसमोर. मी पण तिथेच खाली बसलो होतो आणि तेव्हा मला वाटलं होतं की आईने असं करायला नको होतं.

सभेत मी एकदाच विचारलं की ही वही कशाला, तर उत्तर मिळालं की प्रश्न पडतात तो अहंकार आहे, नाम वाढव. वाढवलं. सहा महिने पहाटे उठून केलं, खरंच. प्रश्न गेला नाही.

आता मुद्दा. अक्षय्य तृतीयेला माझा साखरपुडा ठरलाय, मुलगी पंथातलीच, खेडकडची, चिपळूणला एका दवाखान्यात नर्स आहे. बघायच्या कार्यक्रमात दहा मिनिटं बोललो, तिची आत्या मध्ये बसलेली. मला पंथात राहायचं नाहीये हे आता पक्कं आहे. पण घर सोडायचं नाहीये. आण्णांना सांगितलं तर ते म्हणतील की घर माझं आहे, बाहेर हो, सातबाऱ्यावरून नाव काढतो. केंद्रवाल्यांनी आमच्याशी बोलणं बंद केलं तर बहिणीच्या लग्नाचं काय. आणि त्या मुलीला सांगू की नको? कोणाला आधी सांगू? ज्यांनी असं काही सोडलंय त्यांनी लिहा. देव आहे की नाही यावर वाद नको प्लीज, तो माझा प्रश्नच नाहीये.

सुकट_चटणी

झिला, सगळा वाचलंय. माका पंथातला काय कळणा नाय. आधी एक बांगडो खा, डोक्या थंड जाता. बाकी हुशार माणसा येतीत, ती सांगतीत.

मुरुडकर_जुना

सुकटराव, बांगडा उष्ण असतो.

खाडीपल्याड, मी ६१ चा आहे, दापोली तालुक्यातला. माझा पंथ तुझा नव्हे, पण वही आमच्याकडेही होती, फक्त ती एका बाईंच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. मी १९९४ साली सोडलं. कसं सोडलं ते सांगतो म्हणजे तू तसं करू नकोस.

मी भाषण केलं. तेव्हा मुंबईला गिरगावात राहायचो, पुस्तकं वाचायला लागलो होतो, प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायची सवय लागली होती. मे महिन्यात गावी आलो आणि पडवीत वडिलांना समोर बसवून पाऊण तास त्यांच्या गुरूंचं एक एक वचन घेऊन खोडलं. सगळं बरोबर होतं माझं. वडील काही बोलले नाहीत, शेवटी उठून गाईला पाणी दाखवायला गेले. त्यानंतर सहा वर्षं आमचं बोलणं म्हणजे "आंबे उतरवले का", "पैसे पोचले का" एवढंच. मला खूप उशिरा कळलं की मी त्यांच्या गुरूंना खोटं ठरवत होतो आणि त्यांना ऐकू येत होतं ते असं की तुम्ही वीस वर्षं मूर्ख होतात. तुझ्या वडिलांच्या बाबतीत तर दारूचं आहे. त्यांच्या कानावर काहीही पडलं तरी ते "तुमची दारू सुटली ते पण खोटं" असंच पडणार. म्हणून बोलशील तेव्हा सुरुवात तिथून कर. पंथामुळे तुम्ही सुटलात हे मला मान्य आहे, मी विसरलो नाही, असं आधी म्हण. खरंच आहे ना ते? मग म्हणायला काय जातं.

दुसरं म्हणजे, एका दिवसात सोडायची गरज नाही. वह्या आधी परत दे. ऑफिसचं कारण सांग, अकाउंट्सवाल्याला मार्च-एप्रिलमध्ये कारण शोधावं लागत नाही. मग दोन रविवारांपैकी एक चुकव. याला कोणी भित्रेपणा म्हणेल, म्हणू दे. गाठ सोडवायची असेल तर ओढून चालत नाही.

वाळीत टाकण्याबद्दल. आमच्या मुरुडचे महर्षी कर्वे, त्यांनी ११ मार्च १८९३ ला पुण्यात देवरुखच्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, बाई विधवा होत्या. मुरुडकरांनी बहिष्कार घातला आणि तो कर्व्यांपेक्षा जास्त त्यांच्या आईला आणि भावाला भोवला कारण कर्वे पुण्यात होते आणि ती माणसं गावात. हे मी मुद्दाम सांगतोय. तू चिपळूणला रूमवर आहेस. गावात आई, आजी आणि बहीण आहे. जे काय करशील ते त्यांना आधी सांगून कर, त्यांना बाहेरून कळता कामा नये. (त्याच कर्व्यांना १९५८ ला भारतरत्न मिळालं आणि आता सगळे आमचे अण्णासाहेब म्हणून सांगतात. तेव्हा कोण उभं राहिलं असतं ते देवाला माहीत, माझे पणजोबा तर नक्कीच नाही.)

काळा_कोट

कायद्याचं जेवढं आहे तेवढं मी सांगते, बाकी भावनेचं इतर लोक बघतील.

सातबारा. लोकांना वाटतं सातबाऱ्यावरून नाव काढलं की माणूस संपला. सातबारा हा महसुली उतारा आहे, जमिनीचा हक्क काही त्यातून निर्माण होत नाही. आणि वडिलांनी तलाठ्याकडे जाऊन मुलगा सभेला येत नाही म्हणून नाव कमी करा सांगितलं तर तसा फेरफार होत नाही. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर तुझा हिस्सा जन्माने आहे, पंथ सोडला म्हणून जात नाही. बहिणीचाही आहे, २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीला मुलाइतकाच, हे घरातल्या पुरुषांना नेहमी शेवटी आठवतं. पण घर किंवा जमीन वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतली असेल तर ते कोणालाही देऊ शकतात, पंथालासुद्धा. तेव्हा आधी कागद बघ, जुने फेरफार काढ. भांडायला म्हणून नको, आपण कुठे उभे आहोत ते कळायला.

वाळीत टाकणं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा, अंमल ३ जुलै २०१७ पासून. रायगड-रत्नागिरीत गावकीने वाळीत टाकायची प्रकरणं एवढी वर आली होती की कोकणाला हा कायदा शिकवायची गरज पडू नये, पण पडते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फक्त जातपंचायतीलाच लागू होतो हा गैरसमज आहे. धर्म किंवा पंथाच्या नावाने एकत्र आलेला समूह असेल, त्याची नोंदणी असो नसो, आणि त्याने ठरवून तुमच्याशी व्यवहार तोडायला लावले, लग्नकार्याला, मयताला जाऊ दिलं नाही, तर तो त्यात येतो. तक्रार पोलिसात करता येते किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे. पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर तडजोडही होते. गावात राहायचं असलेल्या माणसाला ते महत्त्वाचं असतं, म्हणून सांगितलं.

आता जे कायद्यात नाही ते. तुझे वडील तुझ्याशी बोलले नाहीत, आत्याने लग्नाला बोलावलं नाही, हा गुन्हा नाही. कोणाला कोणाशी बोलायचं नसेल तर कायदा बोलायला लावू शकत नाही. "यांच्याशी कोणी बोलू नका" असा हुकूम सुटला की मग आमचं काम सुरू होतं.

जुन्या लोकांसाठी एक माहिती, कारण हा विषय निघाला की कोणीतरी १९४९ चा मुंबईचा कायदा काढतोच. समाजातून बहिष्कृत करण्यावर त्याने बंदी घातली होती, पण १९६२ ला सुप्रीम कोर्टाने दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर तो रद्द केला, कारण धार्मिक बाबी आपल्या आपण चालवायचा पंथाचा हक्क घटनेत आहे. तो निकाल बरोबर होता का हा प्रश्न २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायाधीशांनी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. २०१६ चा आपला कायदा वेगळा आहे.

अंनिसवाले, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे लोक, "जातपंचायतीला मूठमाती" म्हणून २०१३ पासून मोहीम चालवतात, वाळीत प्रकरणात ते सोबत येतात, पोलीस स्टेशनला एकट्याने जाण्यापेक्षा बरं. आणि एक, त्या वहीच्या पानांचे फोटो तुझ्याकडे आहेत का? वही परत द्यायच्या आधी विचार कर.

नामात_रंगले

मी एका संप्रदायात २२ वर्षं आहे, खाडीपल्याडचा नव्हे. इथे सगळे सोडण्याच्या बाजूचे दिसतायत म्हणून लिहितो. दारू सुटणं ही लहान गोष्ट नाही हो. सरकार करू शकलं नाही, दवाखाना करू शकला नाही, बायकोचे अश्रू करू शकले नाहीत ते सभेने केलं. रोज कोणीतरी विचारणारं असतं, आलास का, कुठे होतास, म्हणून माणूस सुटतो. तुम्हाला जी वही टोचते त्याच वहीने तुमचे वडील वाचलेत हे लक्षात घ्या. ज्या माणसाला वर्षानुवर्षं स्वतःवर विश्वास नव्हता त्याला पहारा लागतो आणि मग तो घरच्यांवरही पहारा ठेवतो, त्याला वाटतं यानेच आपण वाचलो तर हेही वाचतील. आईला उभं केलं ते चूकच. पण तुमच्या वडिलांनी ते दुष्टपणाने केलं असेल असं मला वाटत नाही.

सोडायचं तर सोडा, नाम जबरदस्तीचं नसतं.

खाडीपल्याड

@नामात_रंगले, खरं सांगू, तुमचा प्रतिसाद वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. हे मला सुचलंच नव्हतं. राग गेला नाही पण वेगळा झाला. वहीची गरज आण्णांना होती. आईला नव्हती, तिने कधी काय प्यायलं होतं?

@मुरुडकर काका, वह्यांचं तसंच करतो. @काळा कोट, धन्यवाद वकीलसाहेब.

काळा_कोट

वकीलीणबाई.

दाभोळ_जेटी

मी कोकणी मुसलमान, आमच्यात हे दुसऱ्या नावाने चालतं. माझ्यावर कोणी बहिष्कार वगैरे टाकला नाही, मी जाहीर काहीच केलं नाही म्हणून. हमीद दलवाई आमचेच, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९६६ ला त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध सात बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, १९७० ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, १९७७ ला वारले तेव्हा पंचेचाळीसचेही नव्हते आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठलाही धार्मिक विधी केला नाही. माझे आजोबा त्यांचं नाव निघालं की उठून जायचे, आणि त्यांच्याच ट्रंकेत मला त्यांच्या लेखांची कात्रणं सापडली. विचारायचं राहून गेलं.

मी तेवढा मोठा माणूस नाही. मला तुला एवढंच सांगायचंय की सोडल्यावर पहिलं वर्ष फार रिकामं जातं, त्याची तयारी ठेव. विचाराने नाही रे, वेळेने. शुक्रवारी दुपारी सगळे गेलेले असायचे आणि मी दुकानात एकटा, समोरचा चहावाला पण गेलेला. तुझा रविवार तसा होणार. त्या रविवारी काय करणार आहेस ते आधी ठरव, क्रिकेट खेळ, पोहायला जा, काहीही, पण रूमवर एकटा बसून मोबाईलवर धर्माच्या चुका काढणारे व्हिडिओ बघत बसू नकोस, मी दोन वर्षं तेच केलं आणि ती पण एक सभाच असते.

ईदला मी अब्बांबरोबर नमाजला जातो. मला विचारशील तर त्यात मला खोटं वाटत नाही. ते ७४ चे आहेत, त्यांना चप्पल सांभाळायला आणि उठताना हात द्यायला कोणीतरी लागतं.

जाईजुई

बाकी सगळं लिहून झालंय, मी फक्त त्या मुलीबद्दल लिहिते, कारण मी ती मुलगी आहे. म्हणजे तीच नव्हे, घाबरू नकोस.

माझं लग्न झालं तेव्हा आमची दोन्ही घरं एकाच पंथातली. नवरा चांगला, शांत, सभेला पहिल्या रांगेत. मला वाटलं मोठा भक्त आहे. मला आठवा महिना चालू असताना एका रात्री म्हणाला की माझा कॉलेजपासूनच यावर विश्वास नाही, आईबापांसाठी करतो, पण आपल्या मुलाला यात घालायचं नाही. मी काय करायचं तेव्हा? माहेर पंथातलं, सासर पंथातलं, पोटात मूल आणि ज्याच्यासोबत झोपते तो माणूस चार वर्षं मला नाटक दाखवत होता. मला विश्वास असण्या-नसण्याचं काहीच वाटलं नाही, मीही काही मोठी भक्त नव्हते. मला हे लागलं की मीच त्याच्या घरातली ती माणूस ठरले जिला सांगायला तो सगळ्यात जास्त घाबरला. आम्ही आता दोघंही जात नाही, बरं चाललंय, मुलगा दहावीला आहे आणि सुरमई त्याला बापापेक्षा जास्त आवडते. पण ती रात्र मी विसरलेले नाही.

त्यामुळे साखरपुड्याच्या आधी सांग. फोनवर नको, मेसेजवर तर अजिबात नको, मेसेज आत्याच्या हातात जातो. चिपळूणलाच आहे म्हणतोस ना, ड्युटी सुटल्यावर जाऊन भेट, चार माणसं येत-जात असतील अशा जागी म्हणजे तिला पण भीती वाटणार नाही. आणि तिला पटवायला जाऊ नकोस. काय आहे ते सांग आणि गप्प बस. ती कदाचित तुझ्यासारखीच असेल, कदाचित पक्की भक्त असेल आणि उठून जाईल, कदाचित घरी सांगेल आणि तुझं सगळं बाहेर पडेल. तो धोका आहे. पण तो धोका तुझा आहे, तिच्या आयुष्यावर टाकू नकोस.

मुरुडकर_जुना

जाईजुई +१. माझ्या भाषणापेक्षा हे महत्त्वाचं.

सुकट_चटणी

सुरमयेक +१.

खाडीपल्याड

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळं सुरळीत झालं असं नाही पण तुम्ही एवढं लिहिलंत तर सांगायलाच हवं.

वह्या परत दिल्या. ऑडिटचं काम वाढलंय म्हणालो, कोणी फार विचारलं नाही, उलट दुसऱ्या एकाला ती वही हवीच होती असं दिसलं. वकीलीणबाई, फोटो काढले होते, मग आईचं पान सोडून बाकीचे डिलीट केले. इतर घरांच्या गोष्टी माझ्या मोबाईलमध्ये कशाला, मग मी आणि ती वही यात फरक काय राहिला. तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल.

मुलीला भेटलो. स्टँडसमोर रसवंतीगृह आहे तिथे, ताईंनी सांगितलं तसं. मी सगळं सांगितलं, वहीचं पण. तिने ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलली नाही, रस तसाच राहिला. मग म्हणाली की मला पंथ सोडायचा नाहीये, मला मनापासून आवडतं सभेला जायला, नाईट ड्युटीनंतर तेवढीच शांतता मिळते. मी म्हटलं बरोबर आहे. मग म्हणाली नकार मी माझ्याकडून कळवते, नोकरीचं कारण सांगेन, तुमच्याकडून गेला तर तुमच्या बहिणीला त्रास होईल. मला इतकी लाज वाटली. मी पंथातल्या माणसांबद्दल मनात काय काय धरून बसलो होतो आणि ही मला न ओळखता माझ्या बहिणीचा विचार करतेय. रसाचे पैसे तिनेच दिले. दोन दिवसांनी खेडहून निरोप आला, आण्णा जरा खट्टू झाले, "मुलींना हल्ली नोकऱ्याच मोठ्या" म्हणाले.

आण्णांना अजून सांगितलं नाही. दोन रविवार गेलो नाही, त्यांनी काही विचारलं नाही, फक्त दुसऱ्या रविवारी प्रसाद कागदात बांधून माझ्या बॅगेत ठेवला होता. चिपळूणला आल्यावर सापडला.

आईला सांगितलं. मागल्या दारी भांडी घासत होती, मी राख काढून देत होतो. वहीचं सांगताना माझाच आवाज फाटला. ती म्हणाली अरे मला माहितीय. म्हटलं काय माहितीय? म्हणाली कोळंबीभात खाल्ला ते मीच ह्यांना घरी येऊन सांगितलं, मला खोटं बोलता येत नाही, आणि त्यांना कळल्यावर ते रात्रभर पडवीत बसून होते. सकाळी म्हणाले मी सांगितलं नाही तर माझं व्रत मोडेल, आणि माझं मोडलं तर मी परत प्यायला लागेन. मग मीच म्हटलं सांगा. मी उभी राहिले त्याला काय झालं, माझे पाय काय दुखले नाहीत.

मला काय बोलावं कळेना. ती पातेलं घासत राहिली आणि मग एकदम म्हणाली, चिपळुणात कोळंबी कशी मिळते रे हल्ली? मावशीकडे जायचंय पुढच्या आठवड्यात, रिकाम्या हाताने कशी जाऊ.

सुकट_चटणी

अर्धो किलो घे, सोललेली घेव नको, शिळी असता. आणि एसटीत वर ठेव, शीटीखाली नको, पाणी गळता.

जाईजुई

आणि आजीचा नारळ?

खाडीपल्याड

अजून फडताळात आहे ताई. पुढचा शिमगा लांब आहे.